फडका कोण मारणार?

वर्तकनगरहून मित्राचा फोन आला, तेव्हा मला वाटलं सोसायटीच्या पार्किंगचं काहीतरी असेल. त्याने इकडचं-तिकडचं विचारलं, मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुझ्या ओळखीत कुत्रा घेणारं कुणी आहे का? फुकट. वर दोन महिन्यांचं खाणंही देतो."

कुत्रीचं नाव लाली. 2020च्या लॉकडाऊनमध्ये मित्राच्या धाकट्या भावाने बिल्डिंगखालून उचलून आणलेली. रस्ते बंद, वडापावच्या गाड्या बंद, खायला घालणारे हात बंद. तेव्हा ती साधारण वर्षाची असेल. तांबूस रंग म्हणून लाली. घरात मोठा वाद झाला होता, पण भावाने हट्ट सोडला नाही. लस टोचली, नसबंदी केली, गळ्यात पट्टा आला, महापालिकेचा परवाना आला. तीन-चार वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग भावाला दोह्याला नोकरी लागली. तो गेला, लाली राहिली.

आता दीड महिन्यापासून ती घरात लघवी करत होती. सहा-सात वर्षांची शहाणी कुत्री, जिने आजवर पायपुसणंसुद्धा भिजवलं नव्हतं, ती हॉलमध्ये, सोफ्याखाली, स्वयंपाकघराच्या दारात, कुठेही. घरच्यांनी सगळं करून पाहिलं. ओरडून झालं, नाक घासून झालं, चप्पल दाखवून झाली. शेवटी गॅलरीत बांधून ठेवली, तर तिथून वास खालच्या मजल्यावर जायला लागला. एका नातेवाइकाने सुचवलं, "येऊरला नेऊन सोड. जंगल आहे, जगेल."

मी म्हटलं, रविवारी येतो. तोवर कुठे सोडू नका.

येऊरला सोडणं म्हणजे काय

वर्तकनगरच्या माणसाला येऊर सांगावं लागत नाही. पोखरण रोडने उपवन तलाव गाठला की वर डोंगर सुरू होतो. पण तो डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि तिथे बिबटे राहतात. या उद्यानातल्या आणि आजूबाजूच्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे वन्यजीव अभ्यासकांनी नोंदवून ठेवलेलं आहे. सहा वर्षं सोफ्याखाली झोपलेल्या कुत्रीला संध्याकाळी येऊरला सोडून येणं म्हणजे तिला जंगलात मोकळं करणं नव्हे. बिबट्याचं ताट वाढून येणं आहे. बिबट्या नाही आला, तर तिथल्या गल्लीतली कुत्री तिला आपल्या हद्दीत टिकू देणार नाहीत.

कायद्यानेही हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960चा आहे. त्याच्या 11व्या कलमात पाळलेला प्राणी उपासमारीच्या तोंडी सोडून देणं हा अपराध म्हटलेला आहे. पहिल्या अपराधाचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. ठाण्यात आज तेवढ्यात धड दोन चहा होत नाहीत. म्हणजे कायद्याच्या भीतीने कुणी थांबेल, असं समजायचं कारण नाही. थांबायचं असेल तर माणसाने स्वतःच थांबायचं.

हॉलमधला मुसल्ला

रविवारी गेलो. म्हाडाच्या जुन्या इमारती पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमधलं दोन खोल्यांचं घर. हॉल, त्याला लागून ग्रिलची गॅलरी. हॉलच्या कोपऱ्यात भिंतीला घडी करून टेकवलेला मुसल्ला. फिनेलचा वास दारातच लागला, आणि त्याच्या खालचा दुसराही.

मित्राची आई, म्हणजे आमची खाला, पासष्टीच्या पुढची. मूळ कल्याणच्या दूधनाक्यावरचं कोकणी मुसलमान घराणं. खाला भांडखोर नाही, कुत्र्याचा द्वेष करणारीही नाही. लॉकडाऊनमध्ये "आणलीयस तर उपाशी ठेवू नकोस" असं पोराला सांगणारी तीच. पण त्या दिवशी ती रडवेली झाली होती.

"बेटा, फजरला उठते. अंधार असतो. पाय पडतो तो ओल्यात. परत पाय धू, परत कपडे बदल, परत वजू. मग फरशी. आमच्यात सात पाणी लागतात, एकदा मातीचं. तोवर नमाजची वेळ निघून जाते. माझ्याच्याने नाही होत आता."

"सात पाणी" म्हणजे काय, ते इतर वाचकांसाठी सांगतो. महाराष्ट्रातले बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे. पण कोकण किनाऱ्यावरचे मुसलमान, म्हणजे ठाणे-कल्याण-भिवंडीपासून खाली रत्नागिरीपर्यंतचे कोकणी, शाफई आहेत. अरबी समुद्रावरच्या व्यापारातून आलेला हा वारसा. कुत्र्याच्या बाबतीत शाफई पंथ सगळ्यात कडक. त्यांच्याकडे कुत्रा सगळाच नापाक, आणि त्याचा ओला स्पर्श झाला तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यातलं एक पाणी मातीचं. हनफी पंथात कुत्र्याची लाळ आणि लघवी नापाक, पण कुत्र्याचं अंग तसं नाही. इमाम मालिक तर म्हणत की कुत्रा पाकच आहे. शिकारी कुत्र्याने तोंडात धरून आणलेली शिकार खायला कुरआनने परवानगी दिली आहे आणि ती धुवायला सांगितलेलं नाही, हा त्यांच्या बाजूचा एक मोठा युक्तिवाद. एकाच धर्मात, एकाच प्राण्याबद्दल, तीन थोर इमामांची तीन मतं. पण कुत्र्याच्या लघवीबद्दल तिघांचंही एकमत आहे की ती नापाक आहे. तेव्हा खालाची तक्रार खोटी नव्हती. तिच्या पंथाप्रमाणे तर ती अर्ध्या तासाची मेहनत होती, रोज पहाटे, दुखऱ्या गुडघ्यांनी.

मी विचारलं, "खाला, रोज फडका कोण मारतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. भाभी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तीही थांबली. उत्तर द्यायची गरजच नव्हती. पहाटे खाला, दिवसा भाभी. कामवाली बाईने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, झाडू-लादी करीन, कुत्र्याचं मूत पुसणार नाही. तिचं काही चुकलं नाही, तिच्या पगारात ते धरलेलं नव्हतं. मित्र साडेआठच्या गाडीने व्हीटीला जातो. भाऊ दोह्यात, रोज रात्री व्हिडिओ कॉलवर लालीला बघतो, तिला हाका मारतो, आईला म्हणतो, "अम्मी, तिला मारू नका हां."

अब्बांनी काय ओळखलं

आधी सगळ्यांचा अंदाज होता की हा पावसाचा परिणाम. ठाण्याचा पाऊस लागला की अनेक कुत्री बाहेर जायला तयार होत नाहीत. जिन्याच्या तोंडाशी अडून बसतात, वर आली की घरात करून टाकतात. मग कुणी म्हणालं, भाऊ गेल्याचं दुःख आहे. पण भाऊ जाऊन दोन वर्षं होत आली होती. कुणी म्हणालं, सूड घेते. कुत्रा लघवी करून सूड घेत नाही. ही आपल्या डोक्यातली गोष्ट आहे, त्याच्या नाही.

मी भाभीला विचारलं, पाणी किती पिते? ती म्हणाली, "पातेलं भरून ठेवलं की तासाभरात रिकामं. आता मी कमीच ठेवते, म्हणजे कमी करेल."

तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवर पेपर वाचत बसलेले अब्बा बोलले. अब्बांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "माझंही असंच सुरू झालं होतं. पाणी, पाणी, आणि रात्रभर मोरी. वजनही उतरलं होतं. बघ तिच्या बरगड्या."

खोलीत कुणीच काही बोललं नाही. त्या घरात अब्बांसाठी रात्री पॅसेजचा दिवा चालू ठेवतात. घाई झाली, कधी वेळेत पोचता आलं नाही, तर खाला मुकाट्याने फरशी पुसते आणि सकाळी कुणाला सांगत नाही. अब्बांना येऊरला सोडायचं कुणाच्या मनात आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी लालीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. भाभीने सकाळची पहिली लघवी स्वच्छ धुतलेल्या चपट्या डब्यात धरली होती. लघवीत साखर आली, जंतुसंसर्गही निघाला. रक्तातली साखर चारशेच्या वर. लालीला मधुमेह होता. दीड महिना ती आजाराची शिक्षा भोगत होती आणि वरून चपलेची.

आधी डॉक्टर, मग बाकी सगळं

म्हणून माझं पहिलं म्हणणं साधं आहे. मोठं झालेलं, घराची सवय असलेलं कुत्रं अचानक घरात लघवी करायला लागलं, तर ते बिघडलं असं समजू नका. त्याचं काहीतरी बिघडलंय असं समजा. पिल्लाला शिकवावं लागतं, मोठ्याला तपासावं लागतं.

कारणं बरीच असतात. लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग, मूतखडा, मूत्रपिंडाचा जुना आजार, मधुमेह. नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये मूत्रमार्गाचा झडपेसारखा स्नायू सैल पडतो. त्या झोपेत गळतात, उठतात तेव्हा खालची गादी ओली असते आणि त्यांना पत्ताही नसतो. त्यावर औषधं आहेत. दुसऱ्या आजारासाठी सुरू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही तहान आणि लघवी वाढते. म्हाताऱ्या कुत्र्यांना माणसांसारखाच विसराळूपणा येतो. बाहेर नेलं तर नुसतं उभं राहतं, आत आलं की करतं. नसबंदी न झालेला नर पाय वर करून कोपऱ्या-कोपऱ्यावर थोडं थोडं करतो, ते हद्द आखणं. आणि एक प्रकार भीतीचा. मोठ्या आवाजाचा माणूस अंगावर गेला की कुत्रं दबतं, आडवं होतं आणि तिथेच सुटतं. दिवाळीच्या फटाक्यांत वर्तकनगरच्या किती घरांत हे होत असेल.

डॉक्टरांकडे जायच्या आधी चार गोष्टी टिपून ठेवा. पाणी किती पितं? भांडं मापून भरा. किलोमागे दिवसाला शंभर मिलीच्या वर जात असेल तर ते नक्कीच जास्त. लघवी झोपेत गळते की बसून करतं? थोडी थोडी पुन्हा पुन्हा, की एकदम मोठं तळं? आणि कधी: माणसं घरात नसताना, रात्री, की कुणी आल्यावर? एवढ्या माहितीवर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. कुत्रं जोर करतंय आणि लघवी येतच नाही, विशेषतः नर, तर वाट बघू नका. मार्ग अडकलेला असू शकतो, तासातासाने धोका वाढतो.

आणि पाणी तोडू नका. भाभीने ते चांगल्या हेतूने केलं होतं, पण मधुमेहाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजाऱ्याचं पाणी तोडणं म्हणजे त्याला मरणाकडे ढकलणं आहे. लघवी पाण्यामुळे वाढलेली नसते. लघवी वाढली म्हणून तहान वाढलेली असते.

नाक घासणं आणि मारणं याबद्दल एवढंच सांगतो: त्याने कुत्रं फक्त एक गोष्ट शिकतं, की माणसासमोर लघवी करणं धोक्याचं आहे. मग ते सोफ्यामागे लपून करतं, आणि बाहेर साखळीला धरून फिरवताना तुमच्या देखत करायलाही घाबरतं. म्हणजे ज्यासाठी मारलं त्याच्या नेमकं उलटं होतं.

मशिदीतला तो माणूस

आता आपल्या लोकांशी बोलतो.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक हदीस आहे, मदरशातल्या लहान पोरांनाही ठाऊक असलेली. एक बद्दू मदिन्याच्या मशिदीत आला आणि एका बाजूला उभा राहून लघवी करू लागला. सहाबा त्याच्यावर धावून गेले. पैगंबरांनी त्यांना अडवलं. त्याला मध्येच तोडू नका, होऊ द्या, असं सांगितलं. मग बादलीभर पाणी मागवून त्या जागेवर ओतायला लावलं. सोबत्यांना बजावलं की तुम्हाला सोपं करायला पाठवलंय, अवघड करायला नाही. आणि त्या माणसाला जवळ बोलावून शांतपणे समजावलं की मशीद कशासाठी असते.

ही गोष्ट आपण मिंबरवरून शंभर वेळा ऐकतो. मौलाना पैगंबरांच्या सहनशीलतेवर बोलतात, आपण सुबहानल्लाह म्हणतो, आणि घरी येऊन आजारी कुत्रीला चप्पल मारतो. मला त्या गोष्टीत आणखी एक दिसतं. जागा मशीद होती, घाण खरीच नापाक होती, करणारा धडधाकट माणूस होता, त्याला अक्कल होती. तरीही उपाय काय निघाला? एक बादली पाणी. हाकलणं नाही, मारणं नाही. आधी जागा धुतली, मग समज दिली. कुत्र्याला तर समजही देता येत नाही.

इब्ने उमर यांच्याकडून आलेली दुसरी एक नोंद बुखारीत आहे, की पैगंबरांच्या काळात कुत्री मशिदीत येत-जात असत आणि त्यामुळे तिथे पाणी शिंपडलं जात नसे. त्या मशिदीची जमीन मातीची होती, छप्पर खजुराच्या झावळ्यांचं. यावरून हनफी फकीहांनी असाही आधार घेतला की जमीन वाळली आणि घाणीचा मागमूस उरला नाही तर तिथे नमाज होते. तहानलेल्या कुत्र्याला मोज्यातून पाणी पाजून माफी मिळवणाऱ्याची गोष्ट तर सगळ्यांनाच माहीत आहे. गुहेतल्या तरुणांच्या दाराशी पाय पसरून बसलेला कुत्राही कुरआनात आहे.

मी दुसरी बाजू लपवत नाही. ज्या घरात कुत्रा आहे तिथे फरिश्ते येत नाहीत, ही हदीसही तितक्याच सहीह संग्रहांत आहे. शिकार, गुरं किंवा शेताची राखण यासाठी पाळण्याची मुभा आणि उगाच पाळणाऱ्याच्या पुण्यात घट, हेही आहे. घरात शौकासाठी कुत्रा आणू नये असं कुणी आलिम सांगत असतील, तर ते हवेत बोलत नाहीत, आणि मी मुफ्ती नाही. ज्यांना हे पटतं त्यांनी कुत्रा आणू नये. पण तो प्रश्न कुत्रा दारात आणताना विचारायचा. सहा वर्षं तुमच्या हातचं खाल्लेला जीव आजारी पडल्यावर विचारायचा नाही. कुत्रा आणण्याबद्दल मतभेद आहेत. जिवाला बांधून उपाशी मारणाऱ्या बाईचं काय झालं याबद्दल मतभेद नाहीत. ती मांजर होती, एवढाच फरक.

फिक्हने आपल्याला नापाक काय ते सांगितलं, आणि लगेच पुढच्या ओळीत ते पाक कसं करायचं तेही सांगितलं. तीन पाणी, सात पाणी, एकदा मातीचं. हे सगळं साफ करण्याचे नियम आहेत, जिवाला घराबाहेर काढण्याचे नाहीत. आपण पहिली ओळ मोठ्याने वाचतो आणि दुसरी सोडून देतो, कारण दुसरीत काम आहे.

काम कुणाचं?

आणि इथेच मला खालाची बाजू घ्यायची आहे. घरात कुत्रा आणतात बहुधा पोरं. "नापाक आहे" म्हणतात बहुधा पुरुष, सोफ्यावर बसून. आणि वाकून फरशी पुसतात बाया. खाला जेव्हा म्हणाली की ही कुत्री नापाक आहे, काढा, तेव्हा मला तिच्या बोलण्यात मसला कमी आणि थकवा जास्त ऐकू आला. तिला कुत्री नको नव्हती, तिला पहाटेची ती अर्ध्या तासाची एकट्याची मेहनत नको होती. आपल्या घरांत बाईला "मी दमले" म्हणायची सोय नसते, म्हणून तिला धर्माचा शब्द वापरावा लागतो. तो शब्द सगळे ऐकतात.

कुत्र्यांवर प्रेम करणारी पोरंही यातून सुटत नाहीत. स्टेटसला कुत्र्याचा फोटो लावणं म्हणजे पाळणं नव्हे. रात्री अडीचला उठून फरशी पुसणं म्हणजे पाळणं. दोह्याहून "अम्मी, मारू नका" म्हणणाऱ्या भावाला मी फोनवर सांगितलं, आईला उपदेश नको, पैसे आणि माणूस पाठव. डॉक्टरचा, औषधांचा आणि फरशी पुसायला वेगळ्या बाईचा खर्च तुझा. त्याला राग आला. दोन दिवसांनी पैसे आले.

शेजाऱ्यांच्या नाकाचं भय

एक गोष्ट त्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही, पण ती खोलीत होती. बिल्डिंगमध्ये हे एकच मुसलमान घर. खालच्या मजल्यावरून तक्रार आली ती "वास येतो" एवढीच, आणि ती रास्त होती. पण आपल्या घरातून वास येतो हे वाक्य मुसलमान बाईच्या कानाला कसं लागतं, हे मराठी मुसलमानाला समजावून सांगावं लागत नाही. बकरी ईदला, मटण शिजवताना, दार-खिडक्या लावून घेणारी खाला आहे ही. नातेवाइकांकडून ऐकायचं की तुमच्या घरात फरिश्ते येत नाहीत, आणि शेजाऱ्यांकडून ऐकायचं की तुमच्या घरातून वास येतो. दोन्हीकडून ती एकटीच.

म्हणून मी मित्राला म्हटलं, लपवू नकोस. सेक्रेटरीकडे जा, खालच्या काकूंकडे जा, सरळ सांग की कुत्री आजारी आहे, इलाज सुरू आहे, महिनाभर सांभाळून घ्या. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही; भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे. पण मी त्याला कायद्याचा कागद दाखवायला सांगितलं नाही. कागदाने हक्क मिळतो, वास जात नाही. खालच्या काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या मोत्याला शेवटी असंच झालं होतं. आधी नाही का सांगायचं?"

फरशीचं काय करायचं

आता कामाचं. लघवी दिसली की आधी कोरड्या कागदाने किंवा जुन्या कपड्याने टिपून घ्या. ओल्यावर फडका फिरवला की ती पसरते. मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी. ज्यांना सात पाणी घालायचे त्यांनी ते याच्यावर घालावेत, आणि एका पाण्यासाठी स्वच्छ माती डब्यात भरून ठेवावी. खालाच्या घरी आता असा डबा मोरीत आहे. नुसतं फिनेल ओतून उपयोग नाही. त्याने आपल्या नाकाला वास झाकला जातो, कुत्र्याच्या नाकाला नाही. अमोनिया असलेली क्लीनर वापरू नका, तो वास लघवीशी मिळताजुळता, कुत्रं पुन्हा तिथेच येतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते लघवीतले घटकच फोडतं. ते फरशीच्या सांध्यांत मुरू द्या. ब्लीच कधीही लघवीवर थेट ओतू नका, व्हिनेगर किंवा ॲसिडमध्ये मिसळू नका. विषारी वायू होतो.

पावसाळ्यात हातमोजे घाला. लेप्टो आपल्याकडे दर पावसात असतो आणि लागण झालेल्या कुत्र्याच्या लघवीतूनही तो पसरू शकतो. कुत्र्याला त्याची लस असते, वर्षाची वर्ष चुकवू नका.

नमाजची जागा वेगळी करा. खालाचा मुसल्ला आता आतल्या खोलीत गेला, त्या खोलीला लाकडी फळीचा अडसर लावला, लाली तिकडे जात नाही. कोरडं कुत्रं कोरड्या कपड्याला घासून गेलं तर शाफई पंथातही कपडा नापाक होत नाही, हे खालाला तिच्याच मशिदीच्या इमामांनी सांगितलं, आणि तिचा अर्धा जीव भांड्यात पडला. कुत्र्याला दिवसातून चार-पाच वेळा खाली न्या, रात्री झोपायच्या आधी एकदा नक्की. आता रात्रीची फेरी मित्राची, पहाटेची अब्बांची. अब्बांना डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं.

इन्सुलिन दिवसातून दोनदा, खाणं झाल्यावर, बारा तासांच्या अंतराने. ते अब्बाच देतात, वीस वर्षांचा सराव आहे. पण त्यांची स्वतःची मात्रा किंवा स्वतःची सिरिंज तिला चालत नाही. चाळीसच्या आणि शंभरच्या सिरिंज वेगळ्या असतात, चुकलं तर जीव जातो. औषध आणि मात्रा जनावरांच्या डॉक्टरांनीच ठरवायची. कुत्रं थरथरायला, झोकांड्या खायला लागलं तर साखर उतरली समजा. हिरड्यांना मध लावा आणि दवाखाना गाठा.

सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. हा आजार बरा होत नाही, सांभाळावा लागतो. मधुमेही कुत्र्यांना मोतीबिंदू लवकर येतो, लालीच्या एका डोळ्यात तो दिसू लागलाय. महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी अजून फरशी ओली होते. ज्यांना हा खर्च झेपत नाही अशी घरंही आहेत. त्यांनी परळच्या बाई साकरबाई रुग्णालयासारख्या जुन्या धर्मादाय ठिकाणी विचारावं, ओळखीत रीतसर दुसरं घर शोधावं. तेही लाजिरवाणं नाही. रात्री गाडीत घालून येऊरला नेणं लाजिरवाणं आहे.

मागच्या आठवड्यात पुन्हा गेलो होतो. खाला असरची नमाज पढून बाहेर आली. हॉलमध्ये दाराशी थोडं ओलं होतं. मित्र सोफ्यावर मोबाइल बघत होता. खाला काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. तो उठला, मोरीतून फडका आणि मातीचा डबा घेऊन आला, आणि खाली बसून पुसायला लागला.

"एक," खाला म्हणाली. मग खुर्चीवर बसून ती सातपर्यंत मोजत राहिली.